साठ घोडे आणि एक केबल

"मूठ लहान घाल, बाप्पा! जातं गुदमरते."

केसरआत्याचा हा आवाज गोकुळरावांच्या कानात अजून तसाच आहे, थोडा घोगरा, थोडा हसरा. बीबी गावाला आत्याच्या घरी थंडीच्या दिवसांत ओसरीवर जातं मांडलेलं असायचं आणि शेजारी पाटीभर तूर. आत्या खुंटा धरून फिरवायची, छोटा गोकुळ जात्याच्या तोंडात मूठमूठ तूर टाकायचा, आणि ती गायची:

तूर घालते मुठीनं, जातं बोलते दाटून,
एका दाण्याच्या दोन डाळी, बाई, एकच जीव वाटून.

ओवी संपायच्या आत गोकुळचा प्रश्न तयार. "आत्या, जात्यात एका टायमाले तूर किती मावते?"

"मावते तेवढी."

"पण किती?"

"जात्यालेच इचार ना मग!"

आणि हे पोरगं खरंच जात्याला कान लावायचं. उठायचं तेव्हा कान पिवळा झालेला असायचा आणि उत्तर मिळालेलं नसायचं.

ज्याला लहानपणी असले प्रश्न पडतात, त्याने मोठेपणी शास्त्रज्ञ व्हायचं असतं. गोकुळराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक झाले. तसं पाहिलं तर प्रश्न तोच होता: कोणत्या रस्त्यावर एका वेळी किती गाड्या मावतात? उभी नोकरी त्यांनी बुलढाण्याच्या स्टँडवर खिडकीच्या आत बसून माईकवर काढली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" म्हणताना त्यांचा आवाज असा काही खाली उतरायचा की बाकावर झोपलेला माणूससुद्धा आपली गाडी नसताना उठून बसायचा. निवृत्त होऊन ते धाड गावी आपल्या घरी आले, तरी लोक त्यांना रस्त्यात थांबवून भोकरदनच्या गाडीची वेळ विचारत. ते सांगत. गाडी त्या वेळेला येत नसे, तो भाग वेगळा.

आता त्यांचा मुलगा शिवम पुण्यात होता आणि दर रविवारी फोन करत होता. "बाबा, आता तिकडं काय ठेवलंय? इथं तुमची खोली तयार आहे. लिफ्ट आहे. मार्च संपला की या दोघं."

गोकुळरावांना जायचं नव्हतं. पण "मला यायचं नाही" हे काही कारण होत नाही. विनाकारण नाही म्हणायला माणूस एकतर फार लहान असावा लागतो, नाहीतर फार म्हातारा. मधल्या वयात कारण द्यावं लागतं. त्यात त्यांच्या बायकोने, पुष्पांजलीबाईंनी, एकदा फोनवर शिवमला विचारलं होतं, "बाल्कनीत ऊन येते का रे सकाळचं?" तो एक प्रश्न गोकुळरावांच्या काळजात काट्यासारखा जाऊन बसला. हिला जायचंय, त्यांनी मनाशी धरलं. विचारून खात्री करता आली असती. पण विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर? म्हणून त्यांनी विचारलंच नाही. त्याऐवजी त्यांनी डाळमिल घेतली.

लोक टाळाटाळ करायला काय काय करतात. कोणी तीर्थाला जातं, कोणी गुडघा दुखतो म्हणतं. गोकुळरावांनी मात्र फंडाचे पैसे घालून एका बंद पडलेल्या कारखान्यातली अख्खी जुनी डाळमिल उचलून आणली. रोलर, चाळण्या, एक लांबच लांब शाफ्ट, त्यावरून फिरणारे पट्टे, आणि हा सगळा संसार एकटीने ओढणारी साठ हॉर्सपॉवरची मोटर. "मिल सुरू झाली की पाहू," ते शिवमला म्हणाले. मिल चालली तर पुण्याला न जायला ठणठणीत कारण होतं. न चालली तर मार्चनंतर लिफ्ट.

मोटर ट्रॅक्टरवरून उतरली तेव्हा अर्धी आळी जमली. हत्तीचं पिल्लू बसावं तशी ती घरामागच्या शेडमध्ये बसली. शेजारचे कारभारी तिच्याभोवती एक फेरी मारून आले. कारभारींची विहीर होती, तूर होती, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. त्यांनी मोटरच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जनावर चांगलं हाय."

सगळ्यांनी मोटरची ताकद विचारली, वजन विचारलं, वय विचारलं. दारात उभ्या पुष्पांजलीबाईंनी मात्र भलतंच विचारलं. "अहो, एवढ्या मोठ्या मोटरले वायर केवढी लागत असन?"

सगळ्यांनी गोकुळरावांकडे पाहिलं. गोकुळरावांनी घसा साफ केला, माईकसमोर करत तसा, आणि म्हणाले, "ते पाहू." याचा अर्थ त्यांना माहीत नव्हतं. पण त्या क्षणी लहानपणीचा तो पिवळ्या कानाचा पोरगा त्यांच्या आत उठून उभा राहिला. खरंच की, केवढी?

"त्यात काय पाह्यचं?" कारभारी म्हणाले. "माह्या विहिरीवर सोळा एमेमची केबल हाय. धा वर्सं झाले, गपगुमान चालू हाय."

"पण कारभारी, तुमची मोटर साडेसात हॉर्सपॉवरची."

"मंग? इजेले काय मालूम, मोटर केवढी हाय थे?"

या प्रश्नाने गोकुळरावांना रात्रभर तळमळत ठेवलं. कारण तो पटत नव्हता, पण खोडताही येत नव्हता.

सकाळी त्यांनी रहेमतुल्लाला बोलावलं. रहेमतुल्ला म्हणजे मागच्याच गल्लीतला वायरमन, पूर्वी गोकुळरावांच्याच वर्गातला. तो आला, मोटरसमोर उकिडवा बसला, विडी न पेटवता ओठात धरली आणि विचार करू लागला. तो असा विचार करू लागला की लोक आपोआप खाली बसत.

"दोन वायरी समज," तो म्हणाला. "स्टार्टरपासून मोटरपर्यंत सहा तारा जाते. स्टार-डेल्टा स्टार्टर हाय ना, मोटर दोन टप्प्यात उचलते. त्याचं मी पाहून घेतो. पण मीटरपासून स्टार्टरपर्यंत सगळा लोड एकाच केबलवर येते. भांडण तिचं हाय."

"मग ती केवढी?"

रहेमतुल्लाने अंगठा दाखवला. "एवढी. पस्तीसची."

"अंगठा कमी पडते," कारभारी म्हणाले. ते बोलवल्याशिवाय आलेले होते. त्यांनी स्वतःचा अंगठा बाजूला धरला. तो रहेमतुल्लाच्या दीडपट होता. "माह्या अंगठ्याची घे."

"काल तं तुमी सोळाची म्हणत होते!"

"काल मोटर नीट पाह्यली नव्हती मी."

त्या आठवड्यात गोकुळरावांनी भेटेल त्याला केबल विचारली. कोणी करंगळी दाखवली, कोणी मनगट, आणि बाजारच्या दिवशी एका अनोळखी माणसाने पाटीतलं वेलची केळं उचलून दाखवलं. धाडमध्ये केबल मोजायचं माप माणसाच्या अंगावरच असतं आणि जो तो आपलं अंग बरोबर घेऊन फिरतो, हे गोकुळरावांच्या लक्षात आलं. सगळ्यांना विचारून झाल्यावर एके दिवशी जेवताना त्यांनी बायकोलाही विचारलं, "तुझं काय मत?"

"कशाबद्दल?" पुष्पांजलीबाईंनी मान वर केली. पोळी हातातच राहिली.

"केबलबद्दल."

"अस्सं," त्या म्हणाल्या आणि पोळी ताटात वाढली. "मले काय कळते त्यातलं? बघा तुमचं."

वीज कंपनीच्या कार्यालयात गोकुळराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथल्या टेबलावर त्यांना सांगण्यात आलं की लोड मंजूर व्हायचा तर टेस्ट रिपोर्ट लागेल. टेस्ट रिपोर्टवर सही करणारा ठेकेदार दोन गल्ल्या पलीकडे होता. तो म्हणाला, रिपोर्टमध्ये केबलचा साइज लिहावा लागतो, आणि केबल ठरवायची तर आधी लोड किती मंजूर होतो ते कळू द्या. गोकुळराव परत टेबलाकडे आले. टेबल जेवायला गेलं होतं. नोकरीत असताना त्यांनी स्वतः कित्येक प्रवाशांना "चौकशी खिडकीवर विचारा" असं सांगून वाटेला लावलं होतं. आज खिडकीच्या बाहेरची बाजू कशी असते ते त्यांना कळलं. बाहेर बाक नव्हता.

अखेर एका तरुण अभियंता बाईंनी त्यांना आत बोलावलं. पूनम मॅडम. गोकुळरावांनी आपला प्रश्न मांडला आणि खात्रीसाठी अंगठाही दाखवला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी उलट प्रश्न सुरू केले. "काका, मोटरच्या पाटीवर अँपिअर किती लिहिलेत?"

"ब्याऐंशी."

"ते पूर्ण व्होल्टेजला. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं?"

"संध्याकाळी आमच्याकडे बल्ब लाजतो, मॅडम."

"मग मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढणार. मीटरपासून शेड किती लांब? केबल जमिनीत पुरणार, की भिंतीवरून नेणार? एकटी जाणार, की शेजारी आणखी केबली?"

"शेजारच्या केबलीचा काय संबंध?"

"गर्दीत माणसाला उकडतं ना? तसंच तिचं. वीज वाहिली की केबल थोडी गरम होतेच. ती ऊब तिला बाहेर टाकता आली पाहिजे. मोकळी असेल तर बारीक केबलही निभावते, कोंडली तर जाडही जळते. जाडी ही त्याच हिशेबाची गोष्ट आहे."

गोकुळराव खुर्चीत पुढे सरकले. कुणीतरी बंद खोलीची खिडकी उघडावी तसं त्यांना झालं. म्हणजे केबल हा रस्ता! करंट म्हणजे गाड्या! मोटरला ठरावीक गाड्या हव्यातच. रस्ता अरुंद असला तर गाड्या अडतात, इंजिनं तापतात, कंडक्टर-प्रवासी हमरीतुमरीवर येतात. कारभारीच्या विहिरीवर दिवसाला एक मुक्कामी गाडी जाते, तिला सोळाची पायवाट पुरते. इथे तर जत्रा होती!

"मग सत्तरची घेऊ?" ते उत्साहाने म्हणाले.

"घ्या, पण कशाला? पन्नासची ॲल्युमिनियमची, भिंतीवरून मोकळी न्या. तुमच्या अंतराला पुरेशी आहे." मॅडमनी तो साइज रिपोर्टसाठी ठेकेदाराला स्वतः सांगून टाकला आणि टेबलाचं आणि ठेकेदाराचं भांडण तिथंच मिटलं. गोकुळराव परत येताना गाडीत खिडकीशी बसले आणि धाडपर्यंत रस्त्याची रुंदी बघत आले.

आता लांबी. मीटर रस्त्याकडच्या भिंतीला, शेड घरामागे. टेप आणायची सोडून कारभारी पावलांनी मोजायला निघाले. कारभारी ताडासारखे उंच. मग गोकुळरावांनी मोजलं. दोन आकडे आले. गोकुळरावांना आपल्या पावलांचा अपमान झाल्यासारखं वाटलं आणि त्यांनी आपलाच आकडा धरला, जो मोठा होता.

"वळणाले थोडी जास्ती धरा," कारभारी म्हणाले.

"दोन्ही टोकाले थोडी सोडू," रहेमतुल्ला म्हणाला.

बुलढाण्याचा दुकानदार म्हणाला, "पुढंमागं मशीन सरकवलं तर? थोडी जास्त असू द्या."

प्रत्येकाची "थोडी" एकत्र झाल्यावर केबल अशी झाली की ती शेडपर्यंत जाऊन अर्ध्या वाटेवर पाहुण्यासारखी परत आली असती. गोकुळराव घुटमळले. तेव्हा दुकानदार कानाशी लागून म्हणाला, "काका, एक सांगतो. वापरून पाहा. नाही जमलं, तर सीझन संपेपर्यंत मी परत घेईन. पण अख्खी पाहिजे. कापली की तुमची."

अख्खी पाहिजे. हे दोन शब्द गोकुळरावांनी केबलीपेक्षा जपून घरी आणले.

केबल भिंतीवरून आली, शेडमध्ये शिरली, स्टार्टरपाशी पोचली, आणि तरी संपेना. रहेमतुल्लाने लोखंडकापी करवत काढली. "कापू?"

"थांब," गोकुळराव म्हणाले.

"काऊन? उरली तं हाय."

"राहू दे. गुंडाळून ठेव कोपऱ्यात. कधी लागली तर?"

तसं धाडमध्ये कोणी चांगली केबल सहजासहजी कापत नाही. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर खाली सोडावी लागते, म्हणून शेतकरी उरलेली केबल वेटोळं करून खोपीत ठेवतो. त्यामुळे रहेमतुल्लाने पुढे विचारलं नाही. त्याने दोन माणसं हाताशी धरून ती जाडजूड केबल एकावर एक थर देत गोल बसवली आणि तिचं टोक स्टार्टरला जोडलं. कोपऱ्यात काळं, भरदार असं उरलेलं वेटोळं बसलं. गोकुळरावांच्या मनात ते कामातलं नव्हतंच. ते आराम करत होतं. वेळ आलीच, बायकोच्या तोंडून "बाल्कनी" आलंच, तर ते उचलून दुकानात न्यायचं होतं.

पुष्पांजलीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "कापली नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही. असू दे अख्खी."

त्यांनी वेटोळ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. त्यांच्या ओठांशी काहीतरी आलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बघा तुमचं." आणि ट्रे ठेवून आत गेल्या. त्या दिवसापासून त्या जरा गप्पच झाल्या. रविवारी शिवमचा फोन आला तर दोन शब्द बोलून फोन नवऱ्याच्या हातात देऊ लागल्या. गोकुळरावांनी याचाही अर्थ लावला: हिला मिल आवडलेली नाही.

पहिली चाचणी रिकाम्या मशीनवर झाली. रहेमतुल्लाने बटण दाबलं. मोटरने आधी एक लांब हुंकार दिला, मग स्टार्टरमध्ये धप्पकन आवाज झाला आणि शाफ्ट भिरभिरू लागला. कारभारींनी टोपी काढून पुन्हा घातली. चार-पाच दिवस रोज सकाळी पट्टे बसवायला, चाळण्या जुळवायला मोटर तासन्‌तास फिरत राहिली. सगळं झकास. गोकुळराव रोज भिंतीवरच्या केबलीवर तळहात ठेवून पाहत, ताप बघावा तसा. गार. मॅडमचा हिशेब बरोबर होता.

याच दिवसांत रहेमतुल्लाच्या बायकोची, ताहेराची, कोंबडी हरवली. "लाल रंगाची, खुडूक झालेली," ती गल्लीभर विचारत होती. "घरात टोपल्यात बसवतो तं बसत नाही, माय. कुठं ऊब शोधत फिरते, अल्ला जाने." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण गावात डाळमिलचा मुहूर्त होता.

मुहूर्ताला पहिली तूर कारभारींची. त्यांनी पोती ओतली आणि रिकामं बारदान हाताला आलं तसं कोपऱ्यात, वेटोळ्यावर भिरकावलं. नारळ फुटला. गोकुळरावांनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. ते "प्रवाशांनी" असं सुरू करून सावरले. मोटर सुरू झाली, रोलरमध्ये तूर पडू लागली आणि पहिल्यांदाच साठ घोड्यांना खरं ओझं लागलं. पलीकडून डाळ आली. सोन्याच्या टिकल्यांसारखी, तुटफूट नाही. कारभारींनी मूठभर उचलून लोकांना दाखवली, जणू त्यांनीच दाताने फोडली होती.

घटकाभराने वास आला.

"पट्टा घासून राह्यला," एक म्हणाला. "मोटर जळून राह्यली," दुसरा म्हणाला. वास प्लास्टिकचा होता, उग्र, नाकाच्या मुळाशी बसणारा. रहेमतुल्ला मोटरकडे धावला, मोटर ठीक. स्टार्टर उघडला; ठीक. भिंतीवरच्या केबलीला हात लावला, कोमट. आणि तेवढ्यात कोपऱ्यातलं बारदान ओरडलं.

ते आपणहून हललं, वर उचललं गेलं आणि त्याखालून एक लाल कोंबडी केकाटत उडाली ती थेट स्टार्टरच्या पेटीवर. रहेमतुल्लाने झटक्यात मोटर बंद केली. फक्त कोंबडी बोलत होती, आणि ती आशीर्वाद देत नव्हती.

"केबल बारीक झाली!" कारभारींनी निकाल दिला. "मी तं पयल्यापासून सत्तरची म्हणत होतो."

"तुमी सोळाची म्हणले होते!"

"थे विहिरीचं!"

लोक हळूहळू पांगले. जाताना प्रत्येक जण काहीतरी समजुतीचं बोलला, आणि त्याने जखम खोल गेली. गोकुळराव रिकाम्या पोत्यावर बसले. त्याच वेळी फोन वाजला. शिवमला कोणीतरी कळवलंच होतं. "बाबा, ऐका माझं. जीवावर बेतलं असतं. झाला ना प्रयोग? आता बंद करा आणि या इकडे. आई काय म्हणते?"

गोकुळरावांनी दाराकडे पाहिलं. पुष्पांजलीबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. "ती... बघा तुमचं म्हणते," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मोठी केबल पुन्हा आणायची ताकद त्यांच्यात नव्हती. खिशात नव्हती आणि मनातही नव्हती. मार्च आठवड्यांवर आला होता.

तेवढ्यात ताहेरा आली. कोंबडीचा आवाज तिने दोन गल्ल्यांवरून ओळखला होता. "अय्यो, इथं बसली होती का तू! आणि अंडे कुठं ठेवले?" तिने बारदान बाजूला ओढलं आणि वेटोळ्याच्या मध्ये हात घातला. हात तसाच झटकून मागे घेतला. "या अल्ला! ये तो तव्यासारखा गरम है!"

रहेमतुल्ला पुढे आला. त्याने हात लावला आणि लगेच कपाळालाही लावला. "गोकुळ, बे, इथं ये."

गोकुळरावांनी हात नेला. भिंतीवर कोमट असलेली तीच केबल इथे चटका देत होती. वरचं आवरण मऊ पडलं होतं.

"पण ही तर उरलेली केबल आहे," गोकुळराव म्हणाले. "ही कामातली नाहीच."

"कामातली नाही कशी? कापली कुठं आपण? मीटरवरून आलेली सगळी वीज पयले या वेटोळ्यातून चक्कर मारते, मंग स्टार्टरले भेटते. थरावर थर. वरून कारभारींचं बारदान. ऊब बाहेर जाईन कुठून?" त्याने विडी ओठातून काढली. "माहीबी चूक झाली. खोपीतलं वेटोळं विहिरीच्या मोटरले चालते. इथं साठचा लोड हाय, हे मले सुचलंच नाही."

गोकुळराव काळ्या वेटोळ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं दिसलं. रस्ता रुंद होता, गाड्याही बरोबर होत्या. पण स्टँडच्या दाराशी पोचलेल्या गाडीला त्यांनी आत घेण्याआधी आवारातच गोल गोल फिरत ठेवलं होतं, एकीच्या मागे एक, नाकाला नाक लावून. आणि ते स्वतः खिडकीत बसून म्हणत होते, ती गाडी आराम करते आहे.

कोंबडीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रिकाम्या मशीनवर तिला बेतशीर ऊब मिळत होती, त्यामुळे तिने तक्रार केली नव्हती.

"म्हणजे केबल बारीक नाही?" गोकुळरावांचा आवाज एकदम लहान झाला.

"पन्नासची बरोबर हाय. वेटोळ्याच्या अलीकडं कापायची, नवं टोक स्टार्टरले जोडायचं, बस. घंटाभऱ्याचं काम." रहेमतुल्लाने करवत त्यांच्या हातात दिली. "तूच काप. तूच थांबवलं होतं."

मग तो ताहेराला आणि कोंबडीला घेऊन मीटरपाशी गेला, मेन खाली ओढायला. "ओढलं!" तिकडून आवाज आला.

शेडमध्ये दोघंच राहिली. गोकुळरावांनी केबल गुडघ्याखाली धरली, करवतीचे दात वर टेकवले, आणि थांबले. एकदा रेघ ओढली की केबल अख्खी राहणार नव्हती. दुकानदार घेणार नव्हता. मिल उद्यापासून पूर्ण ताकदीने चालणार होती, आणि मागे कुणी खांबाला टेकून सकाळच्या उन्हाची बाल्कनी मनात धरून उभं असलं, तर ते आयुष्यभर तसंच उभं राहणार होतं. त्यांचा हात पुढे जाईना.

"कापा ना," पुष्पांजलीबाई म्हणाल्या.

"कापतो."

"मंग थांबले काऊन?"

पुष्पांजलीबाई जवळ आल्या, पदर खोचला, खाली बसल्या आणि केबलीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "तुमी त्या दिवशी ही कापू दिली नाही. दुकानदार साऱ्यालेच सांगते, अख्खी असली तं परत घेतो म्हणे. रहेमतभाईंनी बाजारात आयकलं होतं, ताहेरानं मले सांगतलं. तवाच मी समजली, याहीचं मन पुण्याले लागलं. मिल नुसती सोंग हाय. मंग मी काय बोलू? गप राह्यली."

"माझं?" गोकुळरावांच्या हातातली करवत घसरली. "माझं नाही! तुझं लागलं होतं. बाल्कनीत ऊन येतं का, असं विचारलं होतंस तू!"

"अहो, शिवमची बायको पापड घालते म्हणे तिथं. वाळतात का, म्हणून इचारलं!"

बाहेर कारभारी कोणाला तरी समजावत होते की पन्नासची केबल आपणच सुचवली. गोकुळरावांना ते ऐकू आलं नाही. ते बायकोकडे बघत होते, जात्याला कान लावल्यासारखे.

"मग आधी का नाही सांगितलंस?" ते हळूच म्हणाले.

"अख्ख्या तालुक्याले तुमी वायर इचारली. अनोळखी केळंवाल्याले इचारली. त्या दिवशी जेवताना म्हणले, तुझं काय मत, तं माहा जीव वर आला. वाटलं, आता इचारतात. तं तुमी केबलच इचारली." त्यांनी केबल आणखी घट्ट धरली, आणि नंतर बोलल्या त्या नवऱ्याच्या डोळ्यात बघून, एकेक शब्द सुटा करत. "मले नाही जायचं पुण्याले. ही मोटर आणली नसती ना, तरी नसती गेली मी."